जुन्या मोटारीचा गंज



पेण-रोह्याकडे एखाद्या घरामागे वडिलांनी घेतलेली फियाट आजही ताडपत्रीखाली उभी दिसते. मुलगा रजेवर आला की ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा विचार निघतो. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुधा ऐकू येते, ‘थोडी पुट्टी, थोडा रंग, काम झाले.’ मला या पुट्टीबद्दलच बोलावयाचे आहे.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, हे विद्यार्थी शाळेत शिकतातच. मीठ त्याचा वेग वाढविते. पेणला खाडी व मिठागरे, रोह्याला कुंडलिकेचा काठ, त्यात चार महिन्यांचा पाऊस. ताडपत्रीने गाडी सुरक्षित राहते ही समजूत मात्र खरी नाही. आतली ओल तिथेच कोंडते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो. तो फोड दिसेपर्यंत पत्रा आतून बराच खाल्लेला असू शकतो.

जुन्या जीपला खाली स्वतंत्र चेसिस असते. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या आणि पुढे प्रीमियर पद्मिनी नावाने ओळखल्या गेलेल्या फियाटला तशी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पोकळ पेट्या याच गाडीचा भार वाहतात. तिथे पुट्टी भरली की गाडी नवी दिसते, पण बळ येत नाही. त्याच गाडीत आपण मुलाबाळांना बसवितो.

तेव्हा पायाखालचे मॅट काढा, स्क्रू-ड्रायव्हरने तळ टोचून पाहा. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जाड पुट्टीवर ते धरत नाही.

वरवरचा गंज असेल तर वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने घासावा, फॉस्फोरिक आम्लाचे औषध डब्यावरील सूचनेप्रमाणे लावावे, हातमोजे घालूनच. पत्रा वाळला की त्याच दिवशी प्रायमर द्यावा. आपल्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवणे म्हणजे केलेली मेहनत वाया घालविणे. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावे. भोक पडले असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. त्याआधी बॅटरीची तार सोडावी, पेट्रोलची टाकी उतरवावी. दाराखालची पेटी कापताना गाडीला खालून नीट आधार हवा; नाहीतर सांगाडा वाकतो आणि दारे बसत नाहीत. चेसिस नंबर कोरलेला पत्रा कापू नये, घासूही नये. तो गेला तर कागदपत्रांचा घोळ होतो.

दोन्ही पेट्या आणि तळ, सगळेच गेले असेल तर? माझ्या मते ती गाडी रस्त्यावर आणू नये. ऐकायला कडू वाटेल, विशेषतः गाडी वडिलांची असेल तेव्हा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली. इंजिन, दिवे, काचा दुसऱ्या फियाटवाल्याच्या उपयोगी पडतील.

आणि काम द्यायचेच ठरले तर पैसे दोन हप्त्यांत ठरवा. दुसरा हप्ता देण्यापूर्वी, पुट्टीचा हात फिरण्याआधी, गाडी उघड्या पत्र्यावर पाहून या. मुलालाही बरोबर न्या. दाराच्या तळाशी पाणी निघण्याची भोके असतात. ती रंगाने बुजली नाहीत ना, ते त्याला काडी घालून पाहू द्या.