आजीचा रंग
(भाषणाचा मजकूर)

मी गोदीत माल उतरवणारा. मॅट्रिक. तरी आज कॅमेऱ्यावर बोलणार आहे.

वस्तीतल्या बायकांच्या मुलाखतींचा व्हिडिओ एडिटिंगला गेला, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. पडद्यावर माझी आजी आली. एडिटरनं चकती फिरवली, सावल्या वर उचलल्या, अन् आजी राखेसारखी झाली. म्हणतो, "जरा उजळ केली." उन्हात विटा वाहून कमावलेला रंग तो. तू कोण रे पुसणार?

हे जुनंच दुखणं. अमेरिकेतली कोडॅक कंपनी फोटो-लॅबना नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर गोरी बाई. तिला म्हणत 'शर्ली'. तिचा रंग जमला की सगळं जमलं! पुढं तपकिरी रंगाकडं लक्ष गेलं, तेही चॉकलेटवाले अन् लाकडी फर्निचरवाले कुरकुरले म्हणून, असं कंपनीच्याच माणसांनी नंतर सांगितलं. म्हणजे मेजाची तक्रार ऐकली गेली, माणसाची नाही.

आता यंत्राचं ऐका. व्हेक्टरस्कोप म्हणून गोल आलेख असतो. त्यात लाल अन् पिवळ्याच्या मधे एक रेघ. व्हाइट बॅलन्स ठीक असला तर गोरा चेहरा काय, काळा काय, ठिपके त्याच रेघेच्या आसपास. कातडीखाली रक्त एकच ना! फरक मुख्यतः उजेडाचा.

मी म्हणालो, भाऊ, सावल्या खाली घे, मधला उजेड थोडाच वाढव, रेघ सोडू नको. त्यानं केलं. आजीच्या कपाळावरचं गोंदण दिसलं.

तो पुढची क्लिप लावायला लागला. म्हटलं, थांब. अजून एकदा दाखव.