डेरीच्या गल्लींतलें गाणें

आयर्लंडच्या उत्तर भागांत फॉइल नदीच्या कांठीं एक जुनें तटबंदीचें शहर आहे. कोणी त्याला डेरी म्हणतात, कोणी लंडनडेरी. आणि नुसत्या या उच्चारावरून बोलणारा कोणत्या पक्षाचा, हें तेथील माणूस तत्काळ ओळखतो. ३० जानेवारी १९७२ रोजीं या शहराच्या बॉगसाइड वस्तींत नागरिक हक्कांसाठीं निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनीं गोळ्या झाडल्या आणि १३ माणसें त्याच दिवशीं प्राणांस मुकलीं. पुढें कित्येक वर्षें बंदुकांचा पहारा, झडत्या आणि स्फोट हाच तेथील नित्यक्रम होऊन बसला. अशा ठिकाणीं वाढलेल्या तरुणांनीं गाणें रचावयाचें म्हटलें, तर तें कशाविषयीं रचावें? ‘अंडरटोन्स’ नांवाच्या वाद्यवृंदाचा या प्रश्नानें अखेरपर्यंत पिच्छा पुरविला.

हे पांचही मित्र डेरीच्या कॅथलिक वस्तींतले. जॉन ओ’नील आणि त्याचा धाकटा भाऊ डेमियन गिटार वाजवीत, मायकेल ब्रॅडली बेस गिटार वाजवी, बिली डोहर्टी ड्रम सांभाळी आणि फर्गल शार्की गात असे. यांपैकीं शार्कीच काय तो गाण्याच्या वाटेला आधीं गेलेला. लहानपणीं आयरिश गायनाच्या स्पर्धांत त्यानें बक्षिसें मिळविलीं होतीं, आणि त्याच्या गळ्यांतील तो विलक्षण कंप पुढेंही कधीं गेला नाहीं. बाकीच्यांना गुरु नव्हता. ओ’नील यांच्या घरांत आणि शेजाऱ्याच्या पडवीवजा खोपटांत तालीम चाले.

अशा अशिक्षित वादकांना धीर देणारें एक संगीत नेमकें त्याच सुमारास जन्मास आलें. त्याचें नांव पंक रॉक. त्यापूर्वीं रॉक संगीत फार बोजड झालें होतें. महागडीं वाद्यें, लांबच लांब एकल वादन, आणि ऐकणाराला आपण तेथें कधींच पोहोंचणार नाहीं अशी जाणीव! १९७६ सालीं न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ या चौकडीनें आपली पहिली तबकडी काढली. तींत चौदा गाणीं होतीं, आणि सर्व मिळून वेळ अर्ध्या तासाहूनही कमी. चार सोपे स्वरसंघ, धांवती लय आणि संकोचाला रजा, एवढें भांडवल असलें कीं गाणें उभें राहतें, हें डेरीच्या मुलांना पटलें. परंतु लंडनचे पंक ज्या फाटक्या कपड्यांचा आणि टोंचलेल्या पिनांचा थाट मिरवीत, तो त्यांनीं घेतला नाहीं. आखूड विजार, स्वेटर आणि थंडीचा जाड कोट, अशा घरगुती वेषांतच ते मंचावर उभे राहात. हें संगीत त्यांच्यापर्यंत आलें तें बरेंचसें रेडिओवरून. बी.बी.सी.च्या ‘रेडिओ वन’वर जॉन पील हा निवेदक रात्रीं अपरिचित तबकड्या वाजवीत असे, आणि पांचही जण त्याचे श्रोते होते.

जून १९७८ मध्यें बेलफास्टच्या एका ध्वनिमुद्रण-गृहांत सुमारें २०० पौंड खर्चून त्यांनीं चार गाणीं मुद्रित केलीं. पदराला खार लावणारा गृहस्थ होता टेरी हूली. दंगलींनीं ओस पडलेल्या बेलफास्टमध्यें त्यानें ‘गुड व्हायब्रेशन्स’ हें तबकड्यांचें दुकान थाटलें होतें, आणि त्याच नांवानें तो तबकड्याही काढीत असे. व्यवहारज्ञान त्याला बेताचेंच होतें, पण तें असतें तर ही तबकडी निघालीच नसती. ती घेऊन तो लंडनला गेला. मोठ्या कंपन्यांनीं त्याची बोळवण केली. एक प्रत मात्र पीलच्या हातीं पडली. तींतील ‘टीनेज किक्स’ हें अडीच मिनिटांचें गाणें त्यानें वाजविलें, आणि लगेच तेंच पुन्हां वाजविलें. थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या ‘सायर’ कंपनीनें वाद्यवृंदाशीं करार केला. रामोन्सच्या तबकड्याही तीच कंपनी काढीत होती.

तें गाणें एका पोराला एका पोरीविषयीं वाटणाऱ्या ओढीचें आहे. त्यांत ना सैनिक, ना शहीद. दुसरें एक गाणें, १९८० चें ‘माय परफेक्ट कझिन’, हें घरच्यांनीं उठतां बसतां ज्याचा दाखला द्यावा अशा हुशार भावाच्या हेव्याचें! तिसरें चॉकलेटविषयीं. त्याच काळांत बेलफास्टचा ‘स्टिफ लिट्ल फिंगर्स’ हा वाद्यवृंद एका वृत्तपत्रकाराच्या साहाय्यानें स्फोट आणि संशय यांवर जळजळीत गाणीं गात होता. डेरीच्या पोरांवर साहजिकच आरोप झाला कीं, यांनीं घरच्या दुःखाकडे पाठ फिरविली. आरोप सर्वस्वीं खोटा म्हणतां येणार नाहीं. पण त्याला दुसरी बाजू आहे. ज्या मुलाची दर वळणावर झडती होते, त्यालाही प्रेम आणि मत्सर यांचा हक्क असतोच. तो हक्क सोडला कीं बंदूक घरांतही शिरते. बॉगसाइडचा मुलगा म्हणजे केवळ बातमींतला मुलगा नव्हे, एवढें तरी या गाण्यांनीं सांगितलें.

आणि मौनही कायम राहिलें नाहीं. १९८१ सालीं मेझ तुरुंगांत आयरिश कैद्यांनीं अन्नत्याग केला आणि त्यांत दहा जण मेले. त्या वर्षींचें ‘इट्स गोइंग टु हॅपन’ हें गाणें या उपोषणावरच होतें. मात्र शब्द इतके आडपडद्याचे कीं बहुतेकांच्या तें ध्यानींही आलें नाहीं. बॉबी सँड्स मरण पावला, त्या सुमारास दूरचित्रवाणीवर हें गाणें वाजवितांना डेमियनच्या दंडावर काळी फीत होती. ती किती जणांनीं ओळखली असेल?

१९८३ मध्यें शार्की निघून गेला आणि मेळा मोडला. ओ’नील बंधूंनीं पुढें ‘दॅट पेट्रोल इमोशन’ या नव्या वाद्यवृंदांत राजकारण उघडपणें मांडलें. त्या गाण्यांना पहिल्या गाण्यांची लोकप्रियता लाभली नाहीं. १९९९ मध्यें चौघे जुने सोबती पुन्हां जमले. शार्कीच्या जागीं पॉल मॅकलून गाऊं लागला. जॉन पील २००४ सालीं वारला. त्याच्या थडग्याच्या शिळेवर, त्याच्याच इच्छेप्रमाणें, ‘टीनेज किक्स’मधील एक ओळ कोरलेली आहे.