शेफर्डला फार्महाऊस नको

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या रस्त्यावर, गळ्यातल्या पट्ट्यासकट सोडून दिलेली एक जर्मन शेफर्ड कुत्री सध्या माझ्याकडे आहे. वय दीड-दोन वर्षं असेल. अंगात नुसती वीज! तिच्यासाठी घर शोधतेय, आणि उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत ज्याला विचारावं तो हेच सांगतो: ‘‘ताई, बारवी धरणाच्या रस्त्याला कुणाचं तरी फार्महाऊस बघा. मोकळी जागा आहे, मजेत राहील.’’

नाही हो, मजेत नाही राहत. फार्महाऊसचे मालक येतात शनिवार-रविवारी. बाकीचे दिवस कुत्रं फाटकापाशी साखळीला. राखणदार वेळेवर भाकरी टाकतो. त्याला याहून जास्त कुणी सांगितलेलंच नसतं. जागा एकरभर, पण त्या जनावराच्या वाट्याला साखळीएवढीच.

ही जात मेंढ्या वळणारी. मॅक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ पासून ती बांधत आणली, ती तिथल्या मेंढपाळांच्या कामाच्या कुत्र्यांमधूनच. उघड्या शेतांच्या कडेने दिवसभर ये-जा करायची आणि मेंढरू पिकात शिरू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. दिवाळीनंतर घाट उतरून आपल्याकडे येणाऱ्या धनगरांची कुत्री मुख्यतः राखणीची. रात्री वाड्याभोवती जागणारी. वळणाऱ्या कुत्र्याला मात्र सारखी माणसाची खूण लागते. माणूस नसेल तर त्याचं निम्मं कामच नाहीसं होतं.

मग काय होतं? रिकामं जातं फिरवून बघा. वैरण नसली की दगड दगडालाच खातो. सोफा फाडणं, मोटारसायकलींमागे धावणं, लहान मुलांच्या टाचांना तोंड लावणं, ही सगळी त्या रिकाम्या जात्याची घरघर. लोक म्हणतात, कुत्रं बिघडलं. अहो, जातं चांगलं आहे, वैरण घाला! आणि जातं माजघरातून उचलून अंगणात ठेवलं म्हणून पीठ पडत नाही. फार्महाऊसचं म्हणते मी तेच. वैरणही मूठमूठ, सावकाश घालावी लागते. सकाळी तासभर फिरवणं, संध्याकाळी पुन्हा; मधे ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ याचा सराव, लपवलेली वस्तू वासाने शोधायला लावणं. रविवारी एकदम कोंडेश्वरपर्यंत पळवून आणलं आणि आठवडाभर विसरलात, तर ते चालायचं नाही.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा धरलाय. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला ताटकळत ठेवणं हाही. फार्महाऊसवाल्यांनो, ऐकताय ना?

म्हणून घर बघताना मी चौरस फूट विचारत नाही. बदलापूरच्या मोठ्या फ्लॅटमधलं जोडपं पहाटेची लोकल धरत असेल आणि रात्री परतत असेल, तर ते घर तिच्यासाठी नाही, माणसं कितीही प्रेमळ असोत. याउलट उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दोन खोल्या, खाली दुकान, दुपारी घरी येणारा मालक आणि सकाळी तिला घेऊन धावणारी कॉलेजातली मुलगी, हे घर मला चालेल. पुन्हा सांगते, कारण फोनवर पहिला प्रश्न जागेचाच येतो: जागा नंतर, आधी दिवसभर सोबत कोण ते सांगा.

सोसायटीतल्या तक्रारींवर बोलायचं होतं, उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात त्यावरही... पण समोरून वेळ संपल्याची खूण झालीय. एवढंच सांगते. कुत्रं घ्यायचं ठरवलंत तर आधी पंधरा दिवस सांभाळून बघा. नाही जमलं तर मला परत आणून द्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण परस्पर फार्महाऊसला पाठवू नका.