गळ, ताजवा आणि कॉड मासा



आपल्याकडील सुशिक्षित घरांत, जेथें मत्स्याहार निषिद्ध आहे अशा घरांतसुद्धां, एका माशाचें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. तो मासा म्हणजे कॉड. अशक्त मुलाला चमचाभर कॉडलिव्हर तेल पाजावें, त्यानें तोंड वेडेंवांकडें केलें तर वर गुळाचा खडा द्यावा, हा परिपाठ अनेक कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या चालविला. त्या तेलांत ‘अ’ आणि ‘ड’ हीं जीवनसत्त्वें असतात आणि मुडदुसावर तें गुणकारी आहे, हेंहि आपण जाणतों. परंतु ज्याच्या यकृतांतून तें निघतें तो मासा राहतो कोठें, त्याला धरतात कसें, आणि त्याच्या वंशाची आज काय अवस्था आहे, हा प्रश्न बाटलीचें बूच लावतांना सहसा कोणाला सुचत नाहीं. आज तो प्रश्न आपण जरा निवांतपणें पाहूं. आणि त्यासाठीं मी आपणांस एखाद्या प्रयोगशाळेंत न नेतां स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, एका खेळाच्या जागीं नेणार आहें.

कॉड हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यांतला रहिवासी. हनुवटीखालीं एक लोंबती मिशी, पाठीवर तीन पर, कुशीवरून गेलेली एक पांढुरकी रेघ आणि भलें मोठें तोंड, ही त्याची ओळख. खेकडे, कोळंबी, किडे, लहान मासे, जें समोर येईल तें तो गिळतो. हिवाळ्यांत तो ब्रिटनच्या किनाऱ्याला इतका जवळ येतो कीं, वाळूंत उभ्या राहिलेल्या माणसाच्या गळालाहि लागतो. या एका गोष्टीवर तेथें एक मोठा छंद उभा राहिला.

आपल्या कोंकणांत खडपावर बसून गरी टाकणारा माणूस बहुधा रात्रीच्या कालवणाची सोय पाहत असतो. ब्रिटनमध्यें मात्र हा छंद संस्था, नियम आणि पारितोषिकें यांनीं बांधलेला आहे. ‘ब्रिटिश सी अँग्लर्स सोसायटी’ ही संस्था १८९३ सालीं निघाली, आणि पुढें गांवोगांवीं मंडळें झालीं. किनाऱ्यावरील स्पर्धेंत प्रत्येकाची जागा चिठ्ठ्या टाकून ठरते. बारा-तेरा फूट लांबीची काठी, तिला दोरी गुंडाळण्याचें चाक, आणि दोरीच्या टोंकाला पांच-सहा औंसांचें शिसें. त्या शिशाला तारेचे कांटे असतात. ते वाळूंत रुततात, म्हणून भरतीच्या ओढीनें दोरी वाहून जात नाहीं. ओहोटीला वाळू उकरून काढलेले किडे, अथवा जुनें कवच टाकण्याच्या बेतांत असलेला मऊ खेकडा, हें आमिष. खूण झाली कीं शिसें लाटांच्या पलीकडे भिरकावयाचें, आणि चार-पांच तास वाऱ्यांत, पावसांत, पुष्कळदां काळोखांत, काठीच्या शेंड्याकडे डोळे लावून बसावयाचें. दुसरी खूण झाली कीं सर्वांनीं आपापले मासे ताजव्यापाशीं आणावयाचे. ज्याची मासळी वजनांत भारी, त्याचें पारितोषिक. ही झाली जुनी रीत.

आतां त्या खेळाच्या जागेकडे वळूं. ग्लासगो शहराच्या खालीं क्लाइड नदी समुद्राला मिळते, तेथें तिचें रुंद आखात झालें आहे. एका बाजूस एअरशायरचा किनारा, दुसऱ्या बाजूस किंटायरचें लांबच लांब द्वीपकल्प, मध्यें ॲरनचें डोंगराळ बेट, आणि उत्तरेस लॉक लाँग, गेअर लॉक अशा खोल, चिंचोळ्या खाड्या. १९६० ते १९८० या काळांत या खाड्यांच्या कांठीं कॉडसाठीं गळवाल्यांची रीघ लागे. १९७० सालीं डनून गांवासमोरील गँटॉक्स खडकांपाशीं नावेंतून धरलेला एक कॉड ४६ पौंडांचा भरला. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा मासा! ॲरन बेटावरील लॅमलॅशच्या उपसागरांत दरवर्षीं गळाच्या मासेमारीचा महोत्सव भरे. स्पर्धक नावेंतून गळ टाकीत, आणि मासळीचें एकूण वजन हजारों पौंडांवर जाई. पुढें तें वजन उतरूं लागलें. प्रथम मोठा कॉड दिसेनासा झाला, मग लहानहि. १९९४ नंतर महोत्सव बंद पडला. पारितोषिकें देणारे होते, तीं घेण्यास उत्सुक असणारेहि होते. तोलावयास मासाच उरला नव्हता.

अशा स्पर्धेची नोंदवही ही वरवर पाहतां करमणुकीची वस्तु. परंतु साक्षीदार म्हणून तिची योग्यता मोठी आहे. बंदरावर उतरणाऱ्या मासळीचे आकडे पुष्कळदां फसवितात. जवळचा मासा संपला कीं धंदेवाईक नौका अधिक शक्तीचें यंत्र बसविते, अधिक दूर जाते, आणि बंदरांतील टोपल्या पूर्वींइतक्याच भरलेल्या दिसतात. गळवाला मात्र आपल्या उपसागरापुरताच बांधलेला असतो. तोच कांठ, तोच ऋतु, तेच नियम. त्याचीं साधनें वर्षागणिक सुधारत गेलीं, तरीहि मासळी घटत गेली असेल, तर तो दोष हाताचा अगर काठीचा म्हणतां येत नाहीं. किनाऱ्यालगतच्या पाण्यांत काय घडत आहे, हें सरकारी अहवालांच्या आधीं या वह्यांना कळतें.

मग क्लाइडचा कॉड गेला कोठें? १८८३ सालीं लंडन येथील आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शनांत थॉमस हेन्री हक्सले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानें, त्या काळच्या मासेमारीच्या पद्धति पाहून, कॉडसारखी मासळी माणसाच्या हातून संपण्यासारखी नाहीं, असें मत दिलें होतें. एकेक मादी लक्षावधि अंडीं घालते, हें पाहिलें म्हणजे कोणासहि तसेंच वाटावें. परंतु पुढें पद्धतीच बदलल्या. समुद्राच्या तळावरून ओढीत न्यावयाचें मोठें जाळें, ज्याला ट्रॉल म्हणतात, तें वाफेच्या आणि नंतर तेलाच्या यंत्रांनीं ओढलें जाऊं लागलें. धोका ओळखून १८८९ सालीं क्लाइडचें आखात मोठ्या ट्रॉलरांना बंद करण्यांत आलें. पुढें, १९६० नंतर, ही बंदी सैल होत गेली, आणि १९८४ च्या कायद्यानें स्कॉटलंडच्या किनाऱ्याभोंवतालची तीन मैलांची मर्यादा उठविली. त्यानंतर अगदीं कांठापर्यंत जाळीं ओढलीं गेलीं. हीं जाळीं मुख्यतः चिखलांत राहणाऱ्या लांब नांग्यांच्या कोळंबीसाठीं होतीं. कोळंबीचें जाळें बारीक विणीचें. त्यांत कॉडचीं वर्ष-दीड वर्षाचीं पिलेंहि येत, आणि मेलेलीं पिलें परत पाण्यांत टाकलीं जात. शिवाय ज्या समुद्रगवतांत आणि दगडी शेवाळाच्या थरांत पिलांना आसरा मिळतो, ते थर तळ खरवडल्यानें मोडून जातात. समुद्राचें पाणी ऊन होत आहे, ही गोष्टहि थंड पाण्याच्या या माशाला प्रतिकूल आहे.

यॉर्क विद्यापीठांतील रूथ थर्स्टन आणि कॅलम रॉबर्ट्‌स यांनीं २०१० सालीं क्लाइडच्या या ऱ्हासाचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यावर वाद झाला. २०१२ सालीं इतर शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, तळाजवळ राहणाऱ्या माशांचें एकंदर वजन आखातांत अजून पुष्कळ आहे. पण हे मासे कोणते? बहुतेक व्हायटिंग, आणि तेहि लहान लहान! म्हणजे घर भरलेलें आहे, परंतु घरांत वडील माणूस कोणी नाहीं. गळवाल्यांच्या वहीनें हेंच आधीं सांगितलें होतें.

येथवर ऐकून गळवाला हा केवळ साक्षीदार आणि निरपराध आहे, असा आपला ग्रह होईल. तो पुरता खरा नाहीं. एका माणसाच्या काठीनें समुद्र रिकामा होत नाहीं, हें कबूल. परंतु काठ्या हजारोंनीं असतात. पश्चिम बाल्टिक समुद्राचें उदाहरण घ्या. २००५ ते २०१० या वर्षांत जर्मन छांदिष्टांनीं तेथें धरलेला कॉड हा जर्मन धंदेवाईक कोळ्यांच्या कॉडच्या सुमारें एक-तृतीयांशापासून दोन-तृतीयांशांपर्यंत भरत होता. छंदाचा मासा म्हणून तो पूर्वीं हिशेबांत धरीत नसत. तो धरल्यावर २०१७ पासून दर माणशीं दिवसाला पांच कॉडांची मर्यादा आली. २०२२ सालीं ती एकावर आली. आणि २०२४ पासून तेथें छंदासाठीं कॉड धरणेंच बंद झालें.

दुसरी गोष्ट अधिक नाजुक आहे. सर्वांत भारी माशाला पारितोषिक द्यावयाचें, हा स्पर्धेचा जुना नियम. पण सर्वांत भारी कॉड म्हणजे बहुधा वयस्क मादी. तिचीं अंडीं संख्येनें अधिक, आणि त्यांतून निघणारीं पिलेंहि सशक्त. पीक बुडालें असतांना ज्या शेतकऱ्यानें बियाण्याची कणगी आधीं फोडली त्याला आपण पागोटें बांधणार नाहीं. येथें मात्र टाळ्यांच्या गजरांत तसेंच होत होतें. ब्रिटनमध्यें किनाऱ्यावरून धरलेल्या सर्वांत मोठ्या कॉडचा उच्चांक ४४ पौंड ८ औंसांचा. तो वेल्समधील बॅरी येथें १९६६ सालीं झाला. उच्चांकासाठीं तोलला गेलेला असा मासा परत समुद्रांत जात नसे.

समाधानाची गोष्ट अशी कीं, हा नियम आतां अनेक ठिकाणीं बदलला आहे. मासा धरल्यावर शेजारच्या स्पर्धकाला साक्षी ठेवून त्याची लांबी मोजावयाची, ती कागदावर टिपावयाची, आणि मासा जिवंत परत सोडावयाचा. लांबीवरून गुण ठरतात. ताजवा घरीं राहिला, तरी चुरस कमी झाली नाहीं. वयानें मोठ्या झालेल्या मंडळींना प्रथम हें रुचलें नसेल; मासा घरीं न नेणें म्हणजे शिकार कसली, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पण लॅमलॅशचा महोत्सव कशानें बंद पडला हें ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याचें उत्तरहि ठाऊक आहे.

ॲरनच्या रहिवाशांनीं तर याहून पुढचें पाऊल टाकलें. हॉवर्ड वुड आणि डॉन मॅकनीश या दोघां पाणबुड्यांनीं १९९५ सालीं बेटावर एक लोकसंस्था काढली. तिच्या तेरा वर्षांच्या खटपटीनें २००८ सालीं लॅमलॅश उपसागराचा एक भाग, जेमतेम एक चौरस मैलाचा, सर्व प्रकारच्या मासेमारीस बंद झाला. त्यांत ट्रॉल आला तसा गळहि आला. तेथें शेवंडी आणि स्कॅलप नांवाचीं मोठीं शिंपलीं पुन्हां वाढलीं, तळावरील वनस्पति दाटल्या. आखातांतील कॉडच्या विणीची जागाहि २००१ पासून पुढें अनेक वर्षें दर वसंतांत कांहीं आठवडे बंद ठेवली गेली. परंतु कोळंबीच्या नौकांना तींत २०२२ पर्यंत मुभा होती.

इतकें करूनहि कॉड पूर्वींसारखा परतलेला नाहीं. न्यूफाउंडलंडच्या समुद्रांत १९९२ सालीं कॉडची मासेमारी बंद करावी लागली, सुमारें तीस हजार लोकांचा रोजगार गेला, आणि मर्यादित प्रमाणांत ती पुन्हां सुरू करण्यास २०२४ साल उजाडावें लागलें. ब्रिटनच्या उत्तरेकडील कॉडसंबंधीं तर समुद्रसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२५ सालीं असा सल्ला दिला कीं, २०२६ मध्यें तो मुळींच धरूं नये. अशा सल्ल्यामागें कोळ्यांच्या चुलींचा प्रश्न असतो, म्हणून तो जसाच्या तसा पाळणें सरकारांना जड जातें. गळवाल्याची चूल मात्र त्याच्या गळावर अवलंबून नाहीं. त्याला थांबणें सर्वांत सोपें आहे. म्हणून थांबण्याची पहिली जबाबदारीहि त्याच्याकडे येते. त्यानें स्पर्धा अवश्य भरवाव्या, नोंदवह्या अधिक काळजीनें लिहाव्या, कारण कांठचा समुद्र इतक्या जवळून पाहणारा दुसरा कोणी नाहीं. फक्त त्या नोंदींतला कॉड पाण्यांत असावा, पिशवींत नसावा. क्लाइडच्या कांठीं काठी रोवून बसणाऱ्या पुढच्या पिढीला एखादा ओढा तरी जाणवेल कीं नाहीं, हें आजच्या गळवाल्याच्या या संयमावर, आणि त्याहून अधिक ट्रॉलसंबंधींच्या कायद्यावर, अवलंबून आहे.