गुण स्वाराचे, पाय घोड्याचे



माझ्या आजोबांचा मिरजेत टांगा होता. स्टेशनवरून मिशन हॉस्पिटलकडे जाणारे रोगी आणि दर्ग्याला येणारे भाविक ही त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं. पहाटेची नमाज आटोपली की दादामियाँ आधी तबेल्यात जात आणि घोड्याच्या चारी पायांवरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, हात फिरवत. चहा त्यानंतर. एखादा पाय जरा जरी गरम लागला, तरी त्या दिवशी टांगा जुंपला जात नसे. मग उरूस असो की लग्नसराई. घरात त्यावरून कुरबुर व्हायची. ‘आजची कमाई बुडाली,’ असं आजी म्हणायची. दादामियाँ म्हणायचे, ‘आजचीच बुडाली. पाय गेला तर वर्षाची बुडेल.’

हे सगळं पुन्हा आठवलं ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात कॉलेजात शिकते आणि शोजंपिंगच्या स्पर्धांत भाग घेते. रंगवलेल्या आडव्या दांड्यांचे दहा-बारा अडथळे ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या वेळेत घोड्यावरून पार करायचे, असा हा खेळ. दांडी पडली तर चार दोषगुण. घोडा अडथळ्यापाशी पहिल्यांदा अडला तरी चार. हौशी स्वारांसाठी त्यात लीग असते. हंगामभर ठरावीक स्पर्धा होतात, प्रत्येक स्पर्धेतल्या क्रमांकाला गुण मिळतात आणि शेवटी ज्याची बेरीज जास्त तो विजेता.

ती ज्या लीगमध्ये होती तिच्यात सहा स्पर्धा होत्या आणि सहाही धरल्या जाणार होत्या. एक चुकली की पाटी तेवढी कोरी. पाच स्पर्धा झाल्या तेव्हा भाची दुसरी होती, पहिल्या मुलीपेक्षा तीनच गुणांनी मागे. मधल्या काळात सराव म्हणून आणखी दोन ठिकाणी ती उतरली होती. घोडा एकच. कुमेद रंगाचा, शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेला, मोठा गुणी. बहिणीच्या यजमानांनी तो हंगामापुरता घेतला होता.

आता थोडा हिशेब करू. एका फेरीत दहा-बारा उड्या. फेरीआधी सरावाच्या मैदानावर तेवढ्याच. दिवसात दोन गटांत नाव दिलं आणि एकात बरोबरी झाली, तर निकालासाठी आणखी सहा-सात. म्हणजे एका दिवसात पन्नासच्या आसपास उड्या होतात. उडीनंतर उतरताना घोड्याचा आधी एक पुढचा पाय टेकतो, मग लगेच दुसरा. साडेचारशे-पाचशे किलोंचं जनावर, वर खोगीर आणि स्वार. त्या क्षणी पायावर येणारा भार घोड्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त असतो. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला मांस जवळजवळ नसतंच. असतात ती हाडं आणि ज्यांना डॉक्टर टेंडन म्हणतात ते दोरखंडासारखे चिवट पट्टे. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे दुखापत भरून यायला महिनोन्‌महिने लागतात. भरून आली तरी तिथे पहिल्यासारखी लवचीकता राहत नाही.

शिवाय प्रवास. ट्रकमध्ये घोडा उभ्या उभ्या तोल सांभाळत असतो; आपल्याला वाटतं तो आराम करतोय. घोडा हा दिवसभर चरणारा प्राणी. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं. प्रवासात आणि स्पर्धेच्या गडबडीत वैरण चुकली की पोटात व्रण होऊ शकतात. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर जमीन दगडासारखी होते, ते वेगळंच.

सहाव्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तबेल्यात गेलो होतो. सवयीनं घोड्याच्या पायावरून हात फिरवला. उजवा पुढचा पाय, मागच्या बाजूनं, गरम होता. फार नव्हे, थोडासा. चालताना तो लंगडत नव्हता. घोडा हा कळपातला प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. कुणीतरी म्हणालं, ‘थंड पाण्याची धार सोडा, उतरेल.’ भाची माझ्याकडे पाहत होती. ‘मामू, काही नाही ना?’ तिनं विचारलं.

श्रोतेहो, मी ‘काही नाही’ असं म्हणालो. मला कळत नव्हतं असं नाही. टांगेवाल्याचा नातू मी; हाताला कळलं होतं. पण गुणांच्या तक्त्यावर दुसऱ्या जागी आमच्या मुलीचं नाव होतं, आणि ते पहिल्या जागी पाहायची हौस तिच्याइतकीच मलाही होती.

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी निर्दोष झाली. दुसऱ्या फेरीत घोडा दुहेरी अडथळ्यापाशी अडला. तिनं चाबूक वापरला, त्यानं उडी मारली आणि उतरला तो तीन पायांवरच. सोनोग्राफीत टेंडन फाटल्याचं दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं, नऊ महिने तरी उडी नाही, आणि नंतरचं नंतर पाहू.

भाचीला घोडेस्वारी शिकवणारे गृहस्थ लष्करातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्या दिवशी ते गावी होते. परत आल्यावर ते रागावले नाहीत. मीच त्यांना विचारलं, ‘साहेब, घोडा किती वेळा उतरवावा?’ ते म्हणाले, ‘दोन स्पर्धांमध्ये दोन आठवडे हवेतच, तीन असले तर उत्तम. दिवसात दोन गट पुरे. दुसऱ्या दिवशी नुसता हातानं चालवायचा, चरू द्यायचा. मधल्या दिवसांत उड्या आठवड्यातून एकदाच. बाकी चाल, दुडकी, चढउतार. घोड्याला उडी येते, ती रोज शिकवायला नको. अगदीच घरी बसवूनही चालत नाही, दम आणि धीर दोन्ही जातात. आणि हे सगळं कागदावरचं. सकाळी पाय गरम लागला की कागद फाडायचा.’

अव्वल स्वारांशी तुलना करू नये, हेही त्यांनीच समजावलं. त्यांच्याकडे घोडे अनेक असतात. स्वार तोच, घोडा बदलतो. टोकिओचं ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तेव्हा इव्हेंटिंग या प्रकारात उतरलेल्या आपल्या फवाद मिर्झांकडेही पात्र ठरलेले दोन घोडे होते. शोजंपिंगच्या जागतिक क्रमवारीत तर बारा महिन्यांतले सर्वोत्तम तीस निकालच धरतात. हौशी स्वाराचा घोडा एकच. तेव्हा आपल्या लीगमध्ये सहापैकी चांगले चार निकाल धरले, तर आजारी घोडा घरी ठेवणाऱ्याला शिक्षा होणार नाही. आयोजकांनी एवढं जरी केलं, तरी पुष्कळ पाय वाचतील.

नियम बदलेपर्यंत मात्र ते आपल्याच हातात आहे. पुढच्या हंगामात भाचीला दुसरा घोडा मिळाला. हंगाम सुरू होण्याआधीच तिनं सहापैकी चार स्पर्धांवर खूण केली. त्यातली एकही तिनं नंतर बदलली नाही. उलट एक गाळली. शेवटी तिचा नंबर सातवा आला. तक्त्यावर ती का मागे राहिली, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तसं ते लिहीतही नाहीत.

कुमेद आता बरा आहे. त्यानं पुन्हा अडथळे ओलांडले नाहीत. लहान मुलं त्याच्यावर बसून चालीचे पहिले धडे घेतात. भाची रविवारी त्याला फिरवायला नेते. कधी मीही जातो. गेलो की आधी त्याच्या पायांवरून हात फिरवतो. आता भाची मला विचारत नाही. ती स्वतःच वाकते आणि स्वतःच्या हातानं पाहते.