अंग चोरून बसलेली माणसं



समुपदेशकांची आणि प्रशिक्षकांची संमेलनं बहुधा पुण्या-मुंबईच्या थंडगार सभागृहांत भरतात. तुम्ही ते पूर्णा तालुक्यातल्या चुडावा या गावात भरवलंत आणि विषय घेतलात तो शरीराचा आणि सामाजिक न्यायाचा. दोन्हींसाठी मी तुमची ऋणी आहे. याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. डोक्यावरचा पदर खांद्यावर आल्याचं ती अभंगात बोलून गेली, ते इथल्या बायकांना पाठ आहे. दळण-कांडण, धुणं-भांडी करणाऱ्या त्या दासीला एक गोष्ट पक्की कळली होती. पदर कुठं असावा हे ज्यानं ठरवलं, त्यानं मान किती वर करायची हेही ठरवलेलं असतं.

सवय लागली की आपण 'अंगवळणी पडलं' म्हणतो. शेतात पाणी द्यायचं वळण असतं ना, एकदा पाडलं की पाणी आपोआप तिकडंच जातं, तसं. आणि दुसरा एक शब्द आहे, माझ्या कामाचा सगळा अर्थ त्यात मावतो: 'अंग चोरणं'. एस.टी.त शेजारी पुरुष येऊन बसला की बाई अंग चोरते. वाड्याच्या दारात उभा राहिलेला सालगडी अंग चोरतो. वर्गात शेवटच्या बाकावरचं लेकरू अंग चोरून बसतं. अंग तर ज्याचं त्याचं असतं. मग स्वतःचंच अंग माणूस कुणापासून चोरतो? या एका प्रश्नापाशी मी तीस वर्षं काम करते आहे.

अलीकडं या कामाला 'सोमॅटिक कोचिंग' म्हणतात. अमेरिकेतल्या थॉमस हॅना यांनी १९७० च्या दशकात 'सोमॅटिक्स' हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत 'सोमा' म्हणजे देह, पण त्यांच्या लेखी बाहेरून दिसणारा नव्हे, आतून जाणवणारा देह. स्टेसी हेन्स यांनी हा विचार सामाजिक न्यायाच्या चळवळींशी जोडला. रेस्मा मेनाकेम यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात वंशभेदाची भीती पिढ्यान्‌पिढ्या अंगात कशी उतरते, ते मांडलं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं कोलकात्याच्या एका संस्थेसोबत नृत्य आणि हालचालींतून उपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला. हे सगळं शिकण्यासारखं आहे, मीही त्यातून शिकले. पण ही विद्या परदेशातून आपल्या दारात आली असं कुणी म्हणालं की मला महाड आठवतं.

मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला ऑगस्ट १९२३ मध्ये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केलं. कागद झाला, शिक्का बसला. आणि तीन वर्षं त्या तळ्यावर कुणी गेलं नाही. जाणार कसं? पाय त्या वाटेला वळतच नव्हते. शेकडो वर्षांचं वळण होतं ते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह रांगेनं चालत गेले, तळ्यात उतरले, ओंजळीनं पाणी प्याले. त्या दिवशी कायद्यात एका अक्षराचीही भर पडली नाही. भर पडली ती पायांच्या, हातांच्या, घशाच्या माहितीत. जे कागदावर होतं ते अंगाला कळलं.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद झाली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, ते फार कमी लोक सांगतात. लुगडं कसं नेसता, अंगावर काय घालता, यावरून तुम्हाला ओळखतात. ती ओळख टाका, असं त्यांचं सांगणं होतं. गुडघ्यापर्यंतचं आखूड नेसणं आणि हातापायांतले जड दागिने ही जातीची खूण होती. चित्रे आणि टिपणीस या घरांतल्या स्त्रिया पुढं झाल्या आणि पायघोळ लुगडं कसं नेसायचं ते त्यांनी दाखवलं. बायका नव्या नेसणीत बाहेर पडल्या. आता विचार करा, लुगड्याचा घोळ पायावर आला की चाल बदलते. चाल बदलली की पाठ बदलते. सोमॅटिक कोचिंगचा इतका नेमका प्रयोग मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

हे वळण आधी पाडलं कसं जायचं, ते बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहून ठेवलं आहे. लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवायचा, दिसू द्यायचा नाही. वाटेत वरच्या जातीचा माणूस आला की रस्ता सोडून खाली उतरायचं, वाकायचं, जोहार घालायचा. नवी सून वाकायची विसरली तर अख्ख्या महारवाड्याला बोलणी. म्हणजे सासूनं सुनेला वाकायला शिकवायचं, मायेपोटी शिकवायचं, कारण न वाकणं जिवावर बेतायचं. अन्यायाची शाळा अशी घरात भरते आणि मास्तरीण आपलीच माय असते. नंतर जोहार गेला, जयभीम आला. दोन्हींत फरक शब्दांचा आहे तितकाच कण्याचाही आहे. जोहार ताठ उभं राहून घालता येत नाही आणि जयभीम वाकून म्हणता येत नाही.

पंढरीच्या वाटेवरही एकमेकांच्या पायाला हात लावतात, उराउरी भेटतात. मला वारीचं प्रेम आहे. पण वाळवंटात पायाला लागलेला हात गावात परत आल्यावर दूर होतो, हेही आपण पाहिलंय. तसं नसतं तर विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं नसतं.

आता एक जवळची गोष्ट सांगते. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, बायकांना पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये तो वाटा वाढवून एकूण जागांच्या निम्मा केला. याच भागातल्या एका सरपंचबाईंकडं मी गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. ग्रामपंचायतीत त्यांची खुर्ची होती, उंच पाठीची, हात असलेली. बाई तिच्या कडेवर टेकल्या होत्या, चार बोटं जागेवर, उठायच्या तयारीत. पदर दातांत. पाय जमिनीला टेकत नव्हते, लोंबकळत होते. मी विचारलं, "कसं वाटतं?" तर म्हणाल्या, "ताई, खुर्चीवर बसलं की पोटात कालवतंय."

मी म्हणाले, आज कायदा नको, योजना नको, फक्त बसायचं. बाहेर बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. दोन आणल्या, त्यांच्या पायाखाली ठेवल्या. तळवे टेकले. मग मागं सरकायला सांगितलं, पाठ खुर्चीच्या पाठीला लागेपर्यंत. हे सरकायला त्यांना, मी घड्याळ पाहिलं नाही, पण फार वेळ लागला. इंचाइंचानं सरकल्या. पाठ टेकली आणि डोळ्यांतून पाणी आलं. काही वेळानं त्यांनी स्वतःचं नाव मोठ्यानं घेतलं, आणि तो आवाज ऐकून त्यांनाच नवल वाटलं. पाय अधांतरी असले की श्वास छातीच्या वरवर अडकतो आणि आवाज चिरका येतो. तळवे टेकले की श्वास पोटात उतरतो. यात जादू काही नाही. गाणारे आणि कीर्तनकार हे पूर्वीपासून जाणतात. पुढच्या महिन्यात ग्रामसेवकानं रजिस्टर पुढं सरकवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाचून देते."

ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगते आणि टाळ्या पडतात. आज दुसरीही सांगायची आहे. ती मी आजवर व्यासपीठावरून सांगितली नाही.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिबिरात निंदणीला जाणारी एक बाई होती. तीन दिवस मी तिच्याकडून मान वर करण्याचा, डोळ्याला डोळा देण्याचा, थांबून बोलण्याचा सराव करून घेतला. फार सुंदर जमलं तिला. घरी गेली आणि थकलेली मजुरी मागायला उभी राहिली, अगदी मी शिकवलं तशी. मजुरी मिळाली नाहीच, पण त्या हंगामात तिला त्या गावात कुणी कामाला बोलावलं नाही. मला हे कळलं चार महिन्यांनी. मी तोवर दुसऱ्या जिल्ह्यात तिसऱ्या शिबिरात मान वर करायला शिकवत होते. त्या बाईची मान सरळ करून मी तिला एकटी सोडून आले होते.

महाडलाही पाणी पिऊन परतणाऱ्यांवर लाठ्याकाठ्या चालल्या होत्या. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात सुटायला १७ मार्च १९३७ उजाडला, पाणी प्याल्यापासून जवळजवळ दहा वर्षं. आणि आपल्या मराठवाड्यात सरळ मानेची किंमत काय असते, हे विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी आपण पाहिलंय. १९७८ साली शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं गेलं. म्हणून नव्यानं या कामात येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न तंत्राचा नसतो. ही बाई उभी राहील तेव्हा तिच्या शेजारी कोण उभं असेल? त्याचं नाव सांगता येत नसेल तर सराव पुढं ढकला.

एक धोका मला अलीकडं वाढताना दिसतो. ताण आला, श्वास घ्या. राग आला, खांदे सैल सोडा, एवढंच शिकवलं जातं. आपल्या भागातून उसाच्या पट्ट्यात जाणारं जोडपं म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक 'कोयता'. उचल घेतलेली असते, एक दिवस चुकला तर खाडा कापतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला काय सांगणार, श्वास घे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ साली उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्या शरीराला आराम हवा, पाळीच्या दिवसांत पगारी सुट्टी हवी, फडावर संडास हवा. ते मागायला ती उभी राहणार असेल तर आपला सराव तिच्या उपयोगाचा. तिनं ते मागू नये म्हणून तिला शांत करणार असू, तर आपण मुकादमाचं काम करतो आहोत.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम चालतं. वाकून करायचं काम उभ्यानं करता यावं, हा त्यामागचा विचार. मला ते संशोधन आपल्याच विद्येचं सख्खं भावंड वाटतं. वाकलेली पाठ सरळ व्हायला आधी अवजाराचा दांडा लांब लागतो.

तेव्हा या संमेलनानं दोन गोष्टींचा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. सरपंच, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या कुठल्याही प्रशिक्षणात निदान वर्षभर पुन्हा पुन्हा त्या गावात जाण्याचा खर्च आधीच धरलेला असावा. आणि एकटीला शिबिराला बोलावू नये. गावातली जोडीदारीण सोबत असेल तरच नाव नोंदवावं.

मी पुष्कळ बोलले. ज्यांच्या पायाखाली मी विटा ठेवल्या होत्या, त्या बाई आज इथं आल्या आहेत, त्यांच्या जोडीदारणीसह. दोघींनाही बोलायचं आहे. माइकचा दांडा जरा खाली करा, त्यांची उंची माझ्याहून कमी आहे.