प्रकाशाच्या साहाय्याने कर्करोगाची ओळख
(व्याख्यानाचा सारांश)

जालना, अंबड, भोकरदन, परतूर, कोठेही जावे, तंबाखू-चुना, सुपारी आणि मिश्री परिचयाचीच आहेत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु सवय केवळ कायद्याने सुटत नाही. या सवयींतून मुखाचा कर्करोग उद्भवू शकतो. आरंभी तो बहुधा दुखत नाही, म्हणून रुग्ण उशिरा येतो. गालाच्या आतील पांढरा वा लाल चट्टा घातक आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी निश्चित सांगता येत नाही. त्यासाठी लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. त्यास बायोप्सी म्हणतात. तुकडा न काढता जिवंत ऊतीतच हा बदल ओळखता येईल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता.

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली तांबड्या रंगापलीकडील अदृश्य किरण शोधले. त्यांपैकी दृश्य प्रकाशालगतचे ते निकट-अवरक्त किरण. अंधारात विजेरीवर बोट ठेवले असता ते तांबडे दिसते, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो व तांबडा पार होतो. तांबड्यालगतचे निकट-अवरक्त किरण रक्त व पाणी दोन्हीही फारसे शोषत नाहीत. म्हणून ते ऊतीत अधिक खोल जातात.

याला जोड मिळाली ती सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ च्या शोधाची. पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रेणूंशी ऊर्जेची देवघेव करून बदललेल्या तरंगलांबीने परततो. प्रत्येक प्रकारच्या रेणूची खूण निराळी असते. परतलेल्या प्रकाशाचे पृथक्करण केले की ऊतीतील द्रव्यांची ओळख पटते.

टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या संस्थेत डॉ. सी. मुरली कृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तत्त्व प्रत्यक्ष रुग्णांच्या मुखात वापरले. ७८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर बारीक तंतूतून गालाच्या आतील त्वचेवर सोडण्यात आला. निरोगी त्वचेच्या प्रकाशपटात स्निग्ध द्रव्यांच्या खुणा ठळक दिसल्या. अर्बुदाच्या ठिकाणी त्या मंदावून प्रथिनांच्या खुणा पुढे आल्या. कर्करोगपूर्व चट्टेही ओळखता येतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. पुढे २०१५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेत, कर्करोगाच्या पेशी कोठवर पसरल्या आहेत हे पाहण्यासाठी असाच हातात धरावयाचा शोधक वापरला गेला.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. परतणारा संकेत अतिशय क्षीण असतो, यंत्र महाग असते आणि साध्या दाहामुळेही प्रकाशपट बदलू शकतो. म्हणून अंतिम निर्णय आजही बायोप्सीचाच आहे.

मग जालन्याच्या रहिवाशाने यातून काय घ्यावे? शास्त्राची सारी धडपड रोग लवकर ओळखण्यासाठी आहे. त्या धडपडीचा अर्धा भाग घरच्या आरशासमोर पार पडू शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, चट्टा, किंवा तोंड उघडण्यास होणारा त्रास दिसताच डॉक्टरांकडे जावे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय येथून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. यंत्र कितीही सूक्ष्म असो, वेळेवर तोंड उघडून दाखविण्याचे काम माणसालाच करावे लागते. तंबाखूचा त्याग तर त्याहूनही आधीचा उपाय होय.